पाळण्याचे गाणे आणि समूह संगीतोपचार

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. राज्याचे हिशेब सांभाळणे हे त्याचे काम. परंतु त्याचे नाव टिकले ते त्याने सिद्ध केलेल्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथामुळे. भारतीय संगीतशास्त्राच्या या आधारग्रंथात स्वर आणि श्रुती यांच्या विवेचनाआधी गर्भात मानवी देह कसा घडत जातो याचे वर्णन येते, आणि संगीताची महती सांगताना एक अगदी घरगुती दाखला येतो. जगातील कोणत्याही विषयाची गोडी ज्याला अद्याप ठाऊक नाही असे पाळण्यातील तान्हे मूल रडत असता गीत ऐकते आणि हर्षभरित होते, असा तो दाखला आहे. मराठवाड्याच्या भूमीत सातशे-आठशे वर्षांपूर्वी नोंदविले गेलेले हे निरीक्षण आज देशोदेशींच्या बालविकास प्रयोगशाळांत मोजून पाहिले जात आहे. (हिशेबखात्यातील एका अधिकाऱ्याने संगीतासाठी एवढी सवड काढली, हेही आपल्या अधिकारी वाचकांनी ध्यानात घ्यावे.)

पालक आणि त्यांची लहान मुले यांना एकत्र बसवून, ठरावीक हेतूने व ठरावीक क्रमाने, गाणे, ताल, हालचाल आणि साधी वाद्ये यांच्या साहाय्याने दिल्या जाणाऱ्या उपचाराला ‘समूह संगीतोपचार’ असे म्हणतात. आठ-दहा कुटुंबांचा गट, आठवड्यातून एक बैठक, बैठकीची मुदत पाऊण तास ते एक तास आणि असा क्रम सुमारे १० आठवडे, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. गटाचे संचालन प्रशिक्षित संगीतोपचारक करतो. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या परिस्थितीत या पद्धतीचा कोणता भाग उपयोगी पडू शकेल आणि कोणता नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रागांची मात्रा नव्हे

प्रारंभीच एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. संगीतोपचार म्हटले की अमुक व्याधीवर अमुक राग, सकाळी एक आणि संध्याकाळी एक, अशी औषधाच्या मात्रेसारखी कल्पना पुष्कळांच्या मनात असते. तिच्यात किती तथ्य आहे हा वेगळा विषय झाला. पालक-बालकांच्या समूह संगीतोपचाराशी तिचा संबंध नाही. येथे मुलाला संगीत ऐकविले जात नाही. पालक स्वतः आपल्या मुलासाठी गातो. उपचार व्हावयाचा असतो तो एकट्या मुलावर नाही आणि एकट्या आईवरही नाही, तर त्या दोघांमधील नात्यावर. आई खचलेली, चिडलेली किंवा मुकी झालेली असली की तिचे मुलाशी होणारे बोलणे ‘हे करू नको’, ‘गप बस’ एवढ्यावर येऊन थांबते. मूलही मग एक तर हट्टी होते किंवा अगदी शांत होते. अशा मुलाला गावात ‘फार गुणी’ म्हणण्याची पद्धत आहे. तान्ह्या मुलाची अशी शांतता नेहमी गुणाचीच खूण असते असे नाही, हे शिक्षक व सेविका यांनी विसरू नये.

गाणे या कोंडीतून वाट काढते, कारण गाताना आईला मुलाकडे पाहावे लागते, त्याच्या प्रतिसादासाठी थांबावे लागते, तेच पुन्हा म्हणावे लागते. बोलणे सुचत नाही त्या आईलाही पाठ असलेले गाणे म्हणता येते.

कानाची तयारी

गर्भातील मुलाची श्रवणेंद्रिये सहाव्या-सातव्या महिन्यापासून काम करू लागतात. आईचा आवाज बाहेरून आणि तिच्या शरीरातूनही त्याच्यापर्यंत पोहोचतो. १९८० साली अमेरिकेत डिकॅस्पर आणि फायफर या संशोधकांनी नुकत्याच जन्मलेल्या अर्भकांवर एक प्रयोग केला. चोखणीच्या लयीत बदल केल्यास आईचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकू येईल, अशी व्यवस्था त्यांनी केली होती. अवघ्या काही दिवसांची ती बालके परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षा आईचा आवाज ऐकू यावा अशा रीतीने चोखू लागली. म्हणजे मूल जन्माला येते तेच आईचा आवाज ओळखत.

कॅनडातील माँट्रियल विद्यापीठात पुढे आणखी एक गोष्ट पाहण्यात आली. सहा ते नऊ-दहा महिन्यांच्या मुलांना त्यांना सर्वस्वी अपरिचित अशा तुर्की भाषेतील गाणे आणि बोलणे ऐकविण्यात आले व ती केव्हा रडकुंडीला येतात हे मोजण्यात आले. गाणे चालू असता ती सरासरी सुमारे ९ मिनिटे शांत राहिली. बोलणे चालू असता सुमारे ४ मिनिटे. भाषा परकी, गाणारी परकी, जवळ कोणी खेळवीत नाही, तरीही हा फरक पडला. गाण्यातील पुनरावृत्ती आणि नियमित ठेका यांमुळे पुढे काय येणार याचा अंदाज मुलाला बांधता येतो, आणि हा अंदाज खरा ठरल्याने ते निश्चिंत होते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

ठेका एकत्र धरण्याचा परिणाम तर मोठ्या वयातही टिकतो. जर्मनीतील लाइपझिग येथे किर्शनर आणि टोमासेलो यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चार वर्षांची जी मुले जोडीने गात-वाजवीत खेळली, ती नंतर एकमेकांच्या मदतीला अधिक तत्परतेने धावली. तोच खेळ गाण्यावाचून खेळलेल्या मुलांत ही वृत्ती कमी दिसली. भजनाच्या फडात उभा राहिलेला कोणताही वारकरी हे प्रयोगावाचून सांगेल. तरीही प्रयोग झाला हे बरे; त्यामुळे ही बाब केवळ श्रद्धेची राहिली नाही.

जाते थांबले, पाळणा थांबला

नांदेड-लातूरच्या ग्रामीण स्त्रीजीवनात असे समूहगायन पूर्वी वेगळे योजावे लागत नव्हते. पहाटे जात्यावर दोघी समोरासमोर बसत आणि मांडीवर किंवा शेजारी निजलेले मूल ओवी ऐकत वाढत असे. बारशाला गल्लीतील बायका जमून पाळणा म्हणत. पंचमीला झोके आणि फेर असत. शेतात भलरी, लग्नात हळदीची गाणी. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हा संग्रह पाहिला म्हणजे या गाण्यांचा विस्तार केवढा होता याची कल्पना येते. त्यात माहेर आहे, विठ्ठल आहे, दुष्काळ आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या आहेत, आणि सर्वत्र लेकरू आहे.

पिठाची गिरणी आली आणि जाते थांबले. यात हळहळण्यासारखे काही नाही. पहाटे उठून दोन-दोन पायल्या दळणाऱ्या स्त्रीच्या खांद्यांना विचारले असता ती जाते परत मागणार नाही, आणि कोणी मागूही नये. परंतु जात्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली, जिची भरपाई गिरणीने केली नाही: दुसरीच्या सोबतीने मोठ्याने गात मन मोकळे करण्याची रोजची, हक्काची वेळ.

या भागात अशा सोबतीची गरज मात्र कमी झालेली नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या किल्लारी भूकंपात लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, या जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. ४२ भूकंपग्रस्तांच्या तपासणीवर आधारलेल्या आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्राथमिक वैद्यकीय अहवालात त्यांपैकी निम्म्याहून अधिक व्यक्तींमध्ये मानसिक विकार, मुख्यतः आघातोत्तर तणाव आणि विषण्णता, आढळल्याचे नमूद आहे. पुढे पन्नासहून अधिक गावे नव्या जागी वसविण्यात आली. घरे भक्कम झाली, रस्ते रुंद झाले, आणि हे काम देशात आदर्श म्हणून वाखाणले गेले. परंतु जुन्या गावातील दाटीवाटीची गल्ली, ओटा आणि भिंतीला भिंत लागून असलेला शेजार सरळ ओळींच्या वसाहतीत उतरला नाही. त्या पहाटे जी मुले वाचली त्यांची मुले आज शाळेत आणि अंगणवाडीत आहेत. भूकंपाची भीती पुढच्या पिढीला रक्तातून मिळत नाही, पण आजीच्या किंवा आईच्या गप्प राहण्यातून ती मिळू शकते.

दुसरा प्रश्न दरवर्षीचा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडप्रमाणेच लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतूनही ऊसतोडीसाठी कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. काही मुले आईबापांबरोबर फडावरच्या खोपीत जातात, काही आजीआजोबांजवळ गावी राहतात. चार-पाच महिन्यांनी आई परतते तेव्हा दीड वर्षाचे मूल तिच्याकडे जाण्यास नाखूश असते, आणि तिच्या मनाला ते लागते. पोषण आहाराच्या नोंदवहीत या दुराव्यासाठी रकाना नाही.

अन्यत्र काय घडले

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात २००१ साली ‘सिंग अँड ग्रो’ या नावाने पालक व लहान मुलांसाठी समूह संगीतोपचाराचा कार्यक्रम सुरू झाला. अडचणीतील कुटुंबे, फार तरुण वयातील माता आणि अपंगत्व असलेल्या मुलांचे पालक यांना त्यात प्राधान्य होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, १० साप्ताहिक बैठकींनंतर, ३५८ पालक व त्यांची पाच वर्षांपर्यंतची मुले यांची आधीच्या स्थितीशी तुलना करण्यात आली. पालकांची चिडचिड कमी झाली, मुलांशी घरी खेळण्या-शिकविण्याचे प्रसंग वाढले, पालकांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले आणि मुलांचे संवादकौशल्य व इतरांशी खेळणे यांतही प्रगती दिसली. या पाहणीत उपचार न मिळालेल्या कुटुंबांचा तुलनेसाठी गट नव्हता, म्हणून तिच्या निष्कर्षांकडे आशेने पाहावे, पण अंतिम पुरावा मानू नये.

लंडनमधील प्रयोगाची रचना याहून काटेकोर होती. प्रसूतीनंतरच्या विषण्णतेची लक्षणे असलेल्या १३४ मातांचे तीन गट पाडण्यात आले. एका गटातील माता १० आठवडे आपल्या तान्ह्या बाळांसह एकत्र गायल्या, दुसऱ्या गटाने गाण्यावाचून अन्य सर्जनशील खेळ केले, तिसऱ्याला केवळ नेहमीची सेवा मिळाली. २०१८ साली फॅनकोर्ट आणि पर्किन्स यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार मध्यम ते तीव्र लक्षणे असलेल्या मातांपैकी गाणाऱ्या गटातील मातांना नेहमीची सेवा मिळालेल्यांपेक्षा लवकर उतार पडला. या आजारात वेळेला फार महत्त्व असते, कारण आईचे ते महिने मुलाच्याही वाढीचे असतात.

परंतु आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण आहे ते आफ्रिकेतील गांबिया या लहान देशाचे. तेथे ‘कन्येलेंग’ नावाची स्त्रियांची परंपरागत मंडळे आहेत. अपत्य नसलेल्या किंवा अपत्य गमावलेल्या स्त्रिया त्यांत एकत्र येऊन गातात, नाचतात, आणि आरोग्याचे संदेशही गाण्यांतून देतात. या मंडळांच्या नेतृत्वाखाली गरोदर स्त्रियांसाठी सहा आठवड्यांच्या गायन-बैठकी योजण्यात आल्या आणि त्यांच्या चिंता व विषण्णतेच्या लक्षणांत घट झाल्याचे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. बाहेरून पियानो नेला नाही, परकी गाणी शिकविली नाहीत. गावातील गाणाऱ्या स्त्रिया हीच तेथील यंत्रणा होती. मराठवाड्यात कोणत्याही गावी गेलात तरी अशा दोन-चार जणी सापडतात.

अंगणवाडीतील गाण्याची बैठक

आपल्याकडे प्रशिक्षित संगीतोपचारकांची संख्या फार थोडी आहे, आणि किनवट किंवा जळकोट तालुक्यातील गावाला तो आठवड्यातून एकदा मिळेल अशी अपेक्षा करणे व्यवहार्य नाही. म्हणून अंगणवाडीत जे करता येईल त्याला ‘उपचार’ हे नाव देऊ नये. ‘गाण्याची बैठक’ म्हणावे. नाव साधे असले म्हणजे ‘आमच्या मुलाला काय झाले आहे?’ असा प्रश्न कोणत्याही आईच्या मनात उभा राहत नाही आणि सेविकेवरही न पेलणारी जबाबदारी येत नाही.

गाण्याला बालशिक्षणात स्थान देण्याचा पाया महाराष्ट्रात पूर्वीच घातला गेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला व नंतर कोसबाडला जे काम केले त्यात बडबडगीते, अभिनयगीते आणि परिसरातील वस्तूंचे खेळ यांना मानाची जागा होती; ‘अंगणवाडी’ ही कल्पनाही त्याच कामातून रुजली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाल्यावर ती घरोघर पोहोचली. मात्र आजही अंगणवाडीतील गाणे बहुधा सेविका म्हणते आणि मुले म्हणतात. पालक दाराशी डबा घेऊन उभा असतो. बदल करावयाचा तो एवढाच, की त्या पालकाला आत घेऊन मुलाला त्याच्या मांडीवर द्यावयाचे.

बैठकीचा क्रम दर वेळी तोच असावा. प्रथम प्रत्येक मुलाचे नाव घेऊन सर्वांनी मिळून म्हटलेले स्वागताचे गाणे. ज्याचे नाव आले ते मूल क्षणभर सर्वांच्या नजरेत येते. लाजून आईच्या पदरात तोंड लपविले तरी हरकत नाही, पुढच्या आठवड्यात ते एक डोळा बाहेर काढते. त्यानंतर मांडीवर घेऊन म्हणावयाची गाणी: गुडघ्यावर घोडा, तळहातावर बोट फिरवून केलेला खाऊ, शेवटी बगलेत गुदगुल्या. या खेळांत गुदगुलीच्या आधी क्षणभर थांबावयाचे असते, आणि त्या थांबण्यातच मर्म आहे. मूल वाट पाहते, आईच्या चेहऱ्याकडे पाहते, मग आवाजाने किंवा हातवाऱ्याने ‘पुढे चल’ असे सुचविते. भाषेचा पहिला धडा हाच होय.

मग उभे राहून ठेका धरणे, फेर, टाळ्या. मग वाद्ये. भजनी मंडळाचे टाळ, घुंगरांची पट्टी, डबीत हरभऱ्याचे दाणे घालून घट्ट बंद केलेला खुळखुळा, जुने ताट आणि लाकडी पळी एवढे पुरे. डबीचे झाकण पक्के बसले आहे याची खात्री सेविकेने दर वेळी करावी, कारण सुटे दाणे तान्ह्या मुलाच्या श्वासनलिकेत जाण्याचा धोका खरा आहे. अखेरीस ठेका हळूहळू संथ करीत अंगाईवर यावयाचे. प्रत्येक आईने आपले मूल कुशीत घेऊन, मंद आवाजात, वाटल्यास नुसते गुणगुणत दोन-तीन मिनिटे बसावे. ही मिनिटे सेविकेला सर्वांत कठीण जातात. काही तरी बोलावे, सूचना द्यावी असे वाटत राहते. तिने बोलू नये.

मनाच्या अवस्थेशी जुळणाऱ्या सुरापासून प्रारंभ करून हळूहळू इष्ट अवस्थेकडे न्यावयाचे, हे तत्त्व अमेरिकी मनोवैद्य आल्टशूलर यांनी गेल्या शतकात संगीतोपचारासाठी मांडले. रडणाऱ्या मुलाला आई प्रथम जोरजोराने, त्याच्या रडण्याच्याच लयीत थोपटते आणि मग हात हळू करीत नेते. तत्त्व तेच आहे. खचलेल्या आईसमोर एकदम उड्या मारण्याचे गाणे सुरू केले तर ती अधिकच दूर जाते. तिच्या ओळखीची, थोडी उदास अशीही ओवी बैठकीत चालते.

कोणती गाणी, कोणाची भाषा

याचे उत्तर तालुक्यागणिक बदलेल. देगलूर-बिलोलीकडे पुष्कळ घरांत तेलुगू बोलली जाते, उदगीर-निलंग्याकडे कन्नड. किनवट-माहूरच्या डोंगरात कोलाम, गोंड आणि आंध वस्त्या आहेत, तांड्यांवर गोरमाटी आहे, आणि दोन्ही जिल्ह्यांच्या शहरांतून दखनी-उर्दू बोलणारी मोठी वस्ती आहे. अंगाई आईच्या बोलीतच असावी. शुद्ध मराठी शिकविण्याची ही वेळ नव्हे. तेलुगू अंगाई गाणाऱ्या आईला सर्वांनी साथ दिली तर शब्द चुकले तरी बिघडत नाही. तिचे मूल मात्र आपल्या घरची भाषा गावाने म्हटलेली ऐकते.

निवड अवश्य करावी. परंपरेतील सर्वच गाणी जशीच्या तशी घेण्याजोगी नाहीत. पुष्कळ पाळणे केवळ मुलाच्या जन्माचा आनंद गातात. मुलीच्या आईने ते मुकाट्याने म्हणत बसावे हे आजच्या काळात शोभणारे नाही. नाव बदलून, ‘लेक’ घालून ती गाणी म्हणता येतात. ओवीची घडणच अशी आहे की तिच्यात गाणारी आपले नाव, आपले गाव घालीतच आली आहे. जातीवरून कमीपणा आणणारे शब्द आणि भीती घालून निजविणारी गाणी वगळावीत.

वडिलांचे काय? बैठकीला केवळ माताच येतील असे धरून चालणे योग्य नाही. औशाच्या नाथपरंपरेतील चक्री भजन, माळेगावच्या यात्रेतील वाघ्या-मुरळी, माहूरचे गोंधळी आणि आराधी, गावोगावचे हरिपाठ या परंपरांच्या भागात पुरुषांना गाणे नवीन नाही. मृदंग वाजविणाऱ्या गृहस्थाला मुलाला मांडीवर घेऊन वाजवावयास सांगितले तर तो नाही म्हणत नाही, असा अनुभव येण्यास हरकत नसावी. आजीला तर आवर्जून बोलवावे. आई फडावर गेली असता मुलाला सांभाळणारी तीच असते आणि गाण्यांचा साठाही तिच्याजवळच असतो. आजी आणि आई दोघींना तेच अंगाईगीत येत असेल, तर आई दूर असतानाही मुलाच्या कानी एक ओळखीची वस्तू राहते आणि ती परतल्यावर जुळवून घेण्यास आधार मिळतो.

भ्रमणध्वनीवर लावलेले गाणे याची जागा घेऊ शकत नाही. ते मुलासाठी थांबत नाही, त्याच्या रडण्याप्रमाणे लय बदलत नाही. आईचा आवाज बेसूर असला तरी मुलाच्या दृष्टीने तोच उत्तम होय. ध्वनिक्षेपकाचा वापर तर कटाक्षाने टाळावा. लहान मुलांच्या कानांना मोठा आवाज अपायकारक आहे.

मर्यादा

गाण्याने कुपोषण जात नाही. मात्र तीव्र कुपोषित मुलांच्या उपचारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या दहा टप्प्यांत आहार व औषधांबरोबर संवेदनांना चालना आणि भावनिक आधार हा एक स्वतंत्र टप्पा आहे, ही गोष्ट पोषण पुनर्वसन केंद्रे व ग्राम बालविकास केंद्रे यांच्या संबंधात लक्षात घेण्यासारखी आहे. तेथे आई अनेक दिवस मुलाजवळ रिकामी बसलेली असते. बैठक सुरू करण्यास याहून सोईची जागा कोणती?

बैठकीचा आणखी एक उपयोग असा, की तिच्यात काही अडचणी लवकर नजरेस येतात. टाळ वाजला तरी वळून न पाहणारे मूल, नाव घेतल्यावर कधीच प्रतिसाद न देणारे मूल, एका हातानेच खुळखुळा धरणारे मूल. अशा मुलाविषयी सेविकेने निष्कर्ष काढू नये, आईला घाबरवू नये आणि गाण्याने बरे होईल असे आश्वासन तर मुळीच देऊ नये. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करते. त्या पथकाकडे किंवा तत्पूर्वीच प्राथमिक आरोग्य केंद्राकडे मुलाला पाठवावे. बहिरेपण जितक्या लवकर ओळखले जाईल तितका भाषेचा लाभ अधिक. त्याचप्रमाणे जी आई अनेक आठवडे झोप, भूक आणि मुलाविषयीची ओढ हरवून बसली आहे, ‘जगावेसे वाटत नाही’ असे बोलते, तिला गाण्याच्या बैठकीबरोबर डॉक्टरांची गरज आहे. आशा स्वयंसेविकेला ते त्याच दिवशी कळवावे.

योजना आणि वेळ

या कामासाठी नवी योजना मागण्याचे कारण दिसत नाही. केंद्र शासनाने २०२३ साली सुरू केलेला ‘पोषणही, पढाईही’ हा उपक्रम आणि २०२४ साली तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी प्रसृत केलेला ‘नवचेतना’ हा आराखडा, या दोहोंत पालकांनी मुलांशी बोलणे, खेळणे, गाणे अपेक्षितच आहे. पालक मेळाव्यात भाषणांचा वेळ निम्म्याने कमी केला तरी एक बैठक होते. खर्च म्हणजे सतरंजी, दोन-चार वाद्ये आणि गावातील गाणाऱ्या ज्येष्ठ स्त्रीला द्यावयाचे थोडे मानधन. ग्रामपंचायतीने उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावयाची असते. त्यातून हे सहज भागावे. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आणि महाविद्यालयांचे संगीत विभाग यांनी सेविकांच्या प्रशिक्षणाला हात द्यावा. प्रशिक्षणात सुरापेक्षा थांबणे, पाहणे आणि आईला पुढे करणे यांवर भर असावा.

अडेल तो वेळेवर. सकाळची अंगणवाडीची वेळ शेतावर जाणाऱ्या आईला जमत नाही, आणि सोयाबीनच्या पेरणीत व काढणीत तर बैठक बोलावूच नये. संध्याकाळी दिवेलागणीपूर्वीचा पाऊण तास बहुतेक गावी सोयीचा ठरेल. दहा आठवड्यांची सलग मालिका घेण्यास चैत्राचा प्रारंभ ते मृगाचा पाऊस हा काळ उत्तम: फडावरची कुटुंबे परतलेली असतात, शेतीची निकड नसते, आणि मुलाला आईची व आईला मुलाची ओळख नव्याने पटवून घेण्याची गरजही नेमकी तेव्हाच असते.

नोंदवही ठेवावयाचीच असेल तर तिच्यात मुलांना किती गाणी पाठ झाली ते लिहू नये. पहिल्या बैठकीला आलेल्यांपैकी किती जण दहाव्या बैठकीला आले, कोण येईनासे झाले व का, आणि घरी निजविताना आता कोण गाते, एवढे तीन रकाने पर्यवेक्षिकेने पाहावेत. तिसऱ्या रकान्यासाठी तिला संध्याकाळी वस्तीतून एक फेरी मारावी लागेल.